पोर्टची दोन पिंपं

२०२४ सालच्या मे महिन्यातला तो दुसरा रविवार. पारा त्रेचाळीसला टेकला होता. इंदूरच्या सुदामानगरातल्या बंगल्याच्या खिडक्या सकाळी नऊलाच लावून घेतल्या होत्या, आणि आबकारीवाल्यांच्या घरात आजवर कधी घडलं नव्हतं ते घडत होतं. भर दिवसा, दिवाणखान्यातल्या मोठ्या टेबलावर, दारूच्या दोन बाटल्या उघड्यावर मांडलेल्या होत्या.

'आबकारीवाले' हे काही त्यांचं आडनाव नव्हे. प्रतापराव आणि देवदत्त या भावांचे आजोबा होळकर दरबारात आबकारीचे दारोगा होते. चोरट्या भट्ट्या शोधून फोडायच्या, हे त्यांचं काम. राज्य गेलं, घोडा गेला, पगडी गेली, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं. आणि त्याच दारोगांची पणती, प्रतापरावांची धाकटी मुलगी श्रेया, हिने वडिलांच्या सांवेर रोडवरच्या स्पिरिटच्या कारखान्यात एका कोपऱ्यात तांब्याची भट्टी लावली होती. देपालपूरचा मका आणायची, आंबवायची, गाळायची आणि आतून जाळलेल्या ओकच्या नव्या पिंपात मुरत ठेवायची. अमेरिकेत याला बोर्बन म्हणतात. इथे बाटलीवर ते नाव छापता येत नाही, पण घरात सगळे त्या दारूला बोर्बनच म्हणत. तीन वर्षं मुरल्यावर श्रेयाने ती पोर्तुगालहून आणलेल्या दोन पिंपांत ओतली होती. त्या पिंपांत आधी पोर्ट होती, म्हणजे वरून ब्रँडी घालून कडक केलेली गोड द्राक्षाची वाइन. दहा महिने झाले होते. आता निकाल लागायचा होता.

शालिनी स्वयंपाकघरात फरसाणाच्या वाट्या भरत होती. देवदत्तची बायको, वय वर्षं सहासष्ट. एका वाटीत लौंगी शेव, दुसरीत तीळगुळाच्या गजकचे तुकडे, तिसरीत खारे शेंगदाणे, चौथीत मनुका. आणि एका लहानशा डबीत बडीशेप.

"शालू, चार माणसांना किती प्रकार काढतेस गं?" पद्मजावहिनींनी विचारलं. या थोरल्या जाऊबाई. "आणि दारूबरोबर मनुका कोण खातं?"

"ह्यांना लागतात."

"देवाला तर हल्ली सगळंच लागतं. पूर्वी तर चाखायला बसला की टेबलाजवळ कुणी भजं नेलं तरी ओरडायचा."

शालिनीने डबीचं झाकण लावलं. बोलण्यासारखं होतं, पण गेली तीन वर्षं ते तिने पोटात ठेवलं होतं.

देवदत्त मोठ्या दारू कारखान्यात ब्लेंडर होता. शंभर पिंपांतून कुठली पाच एकमेकांत मिसळायची, हे त्याने नाकाने ठरवायचं. निवृत्त झाल्यावरही लोक त्याच्याकडे नमुने पाठवत. एकवीस सालच्या एप्रिलमध्ये तो आजारी पडला, बरा होऊन घरी आला, आणि चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात दूध करपून काळं झालं तरी ओट्याशेजारी बसून पेपर वाचत राहिला. शालिनी धावत आली तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने तिच्याकडे. "कुणाला सांगू नकोस," एवढंच तो म्हणाला. गोड, खारट, कडू आणि जळजळ, एवढं जिभेला कळत होतं. नाक मात्र गेलं ते गेलंच.

मग दोघांनी मिळून एक रीत बसवली. नमुन्याचा ग्लास शालिनी आतून आणायची. आणता आणता हुंगायची. लवंग-मिऱ्याचा तिखटपणा असला की लौंगी शेवेची वाटी त्याच्यापुढे सरकवायची. गूळ करपवल्याचा वास असला की गजक. लाकूड, सालं, शेंगा म्हणजे शेंगदाणे. सुकलेलं फळ म्हणजे मनुका. दोन वास असले तर दोन वाट्या, आधीचा आधी. आणि नमुना टाकाऊ असला तर बडीशेप, म्हणजे जेवण आटोपलं. देवदत्त डोळे मिटून सांगायचा, "लवंग आहे. मागून मनुका येतेय." समोरचा माणूस वहीत लिहून घ्यायचा. तीन वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. शालिनीने मात्र आजवर एक थेंबही जिभेवर घेतला नव्हता. तशी घराची रीतच नव्हती.

"आलेत भिया ते!" बाहेरून प्रतापरावांचा आवाज आला. "पद्मजा, पाणी-बिणी बघा."

आलेला पाहुणा म्हणजे रघुवीर सबनीस. तीस वर्षांपूर्वी देवदत्तच्या हाताखाली उमेदवारी केलेला मुलगा, आता एका बड्या कंपनीचा मुख्य ब्लेंडर. केस पांढरे झाले होते, पण देवदत्तला पाहिल्यावर तो कमरेतून वाकला आणि पाया पडला. त्याच्या कंपनीला श्रेयाची दोन्ही पिंपं हवी होती. बाटलीत भरायला नव्हे, त्यांच्या मोठ्या मालात मिसळायला. आज चाखायची, पटली तर प्रतापरावांनी कागदावर सही करायची. कागद रघुवीरने पाकिटातून काढून ठेवलाच होता.

श्रेयाला ते नको होतं. तिला ही दारू पाणी न घालता, एकसष्ट टक्क्यांची, जशी पिंपातून निघेल तशी, स्वतःच्या नावाने बाटलीत भरायची होती. पण प्रतापरावांनी एक अट घातली होती, आणि ती सगळ्यांना माहीत होती. देवदत्तने 'अस्सल' म्हटलं तर बाटली, नाही तर रघुवीर घेऊन जाईल. चार वर्षांची मेहनत एका माणसाच्या नाकावर येऊन थांबली होती. त्या नाकात काही उरलं नाही, हे घरात फक्त दोघांना ठाऊक होतं.

शालिनीने वाट्यांचा ट्रे आणून टेबलावर ठेवला.

रघुवीरने हसत तो उचलला. "काकू, माफ करा हं. हे आत जाऊ द्या."

"अहो, असू द्या की," शालिनी म्हणाली. "इंदूरला येऊन शेव खायची नाही?"

"नंतर दोन किलो खातो, बिल्कुल! पण चाखताना टेबलावर तेलाचा वास नको. सरांनीच तर शिकवलंय. एकदा मी खिशात समोसा ठेवून लॅबमध्ये गेलो होतो, तर मला दिवसभर बाहेर उभं केलं होतं. आठवतं का, सर?"

"आठवतं," देवदत्त म्हणाला. 

पद्मजावहिनींनी ट्रे आत नेला. ग्लासही आता श्रेयाच भरणार होती, टेबलावरच, सगळ्यांसमोर. शालिनीच्या हाताला काम उरलं नाही. ती भिंतीजवळच्या दिवाणावर जाऊन बसली. देवदत्तने एकदाच तिच्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने इतक्या केविलवाण्या नजरेने तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

श्रेयाने पहिल्या बाटलीतून ग्लासांत दोन-दोन बोटं ओतली. रंग तांबूस, माणकासारखा. रघुवीरने ग्लास फिरवला, नाकाशी नेला आणि झटकन मागे घेतला.

"एकसष्ट! नाक सुन्न होतं हो. अशी नाही कळायची. अर्धं पाणी घालू या."

"टेबलावर पाण्याचा जग आहे," श्रेया म्हणाली.

ब्लेंडर लोकांची हीच रीत. तीव्र दारूत बरोबरीने पाणी घालायचं, म्हणजे धग उतरते आणि आतले वास मोकळे होतात. रघुवीरने सगळ्या ग्लासांत जगातलं पाणी ओतलं, हुंगलं, थांबला, परत हुंगलं. मग कपाळाला आठी घातली. दुसऱ्या बाटलीचंही त्याने तसंच केलं. आठी मोडली नाही.

"श्रेया, वाईट वाटून घेऊ नकोस," तो सावकाश म्हणाला. "बेस चांगला आहे. पण वर अत्तरासारखं काहीतरी येतंय. मातकट, गवती. दोन्हीत. पिंपांतच गडबड असणार. आधीच्या मालकाने कशानं तरी धुतली असतील. आमच्या मोठ्या मालात मिसळली तर हा वास बुडेल, पण एकटी बाटलीत नाही चालायची."

"शक्यच नाही, सर! मी स्वतः दोन्ही पिंपं चेक केलीत. माझ्या रिपोर्टमध्ये..."

"रिपोर्टमध्ये वास येत नाही गं बाई. सर, तुम्ही सांगा."

देवदत्तने ग्लास उचलला. डोळे मिटले.  त्याचा डावा हात टेबलावर, वाट्या असायच्या त्या जागी, उगाच चाचपत होता.

"हं," तो म्हणाला. "मलाही तेच वाटतंय. अत्तर. पिंपाचाच दोष."

"काका!" श्रेया उभी राहिली. "परवा गोडाउनमध्ये तुम्हीच म्हणालात, मनुका आणि भाजलेला गूळ! मतलब, दोन दिवसांत पिंप बिघडलं?"

परवा गोडाउनमध्ये शालिनी त्याच्या सोबत होती. पर्समध्ये मनुका आणि गजक घेऊन.

"नाक रोज सारखं नसतं, बेटा," देवदत्त खाली बघत म्हणाला.

"चला, विषय संपला," प्रतापरावांनी कागद पुढे ओढला. त्यांच्या आवाजात सुटका झाल्यासारखं होतं. "आजोबांनी जन्मभर भट्ट्या फोडल्या, आणि त्यांच्या घराचं नाव बाटलीवर जाणार होतं. देवानेच वाचवलं. रघुवीरजी, सही कुठे करायची?"

"मी तरी कधीपासून म्हणतेय," पद्मजावहिनी दारातून म्हणाल्या. "तिकडे पिंपांत डोकं घालून बसते. चौतीस वर्षांची झाली."

श्रेयाने आपला ग्लास न हुंगताच दिवाणाशेजारच्या तिपाईवर आपटल्यासारखा ठेवला आणि पाठ फिरवून बंद खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

शालिनीने तो ग्लास उचलला. सवयीनेच. नाकाशी नेला, आणि तिचा हात जागीच थांबला.

हे पिंप नव्हतं. पोर्टही नव्हती. हा वाळा होता! माठात टाकतात ती वाळ्याची जुडी. सियागंजच्या बाजारातून दर उन्हाळ्यात पद्मजावहिनी ती शोधून आणत, आणि पाहुणा येणार म्हटलं की आदल्या रात्री माठात दोन जुड्या सोडत.

तिने जगाकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. 'पाण्यात वाळा आहे' म्हटलं की श्रेया वाचली. पण पुढचा प्रश्न कुणीही विचारेल. वाळा शेंबड्या पोरालाही कळतो. मग जन्मभर याच घरात वाळ्याचं पाणी प्यालेला देवदत्त 'पिंपाचा दोष' कसा म्हणाला?

प्रतापरावांनी पेनचं टोपण काढलं.

शालिनीने देवदत्तकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. तिच्या हातातला ग्लास त्याला दिसला होता, आणि तिचा चेहराही. बेचाळीस वर्षांत माणसाला तेवढं वाचता येतं. त्याने अगदी हळू मान हलवली. होकाराची.

"दादा, सही थांबवा," शालिनी उभी राहिली. "वहिनी, जगात पाणी कुठलं भरलंत?"

"माठातलं! मग काय? श्रेयाने बाटल्या आणून ठेवल्या होत्या प्लास्टिकच्या. पाहुण्यांना काय बाटलीतलं पाणी द्यायचं? ते ओतून दिलं तुळशीला आणि चांगलं वाळ्याचं..."

वहिनी मध्येच थांबल्या.  रघुवीरने जग उचलला, नाकाशी नेला आणि डोक्यावर हात मारला.

"वाळा! अरे देवा. मी बारा वर्षं दिल्लीत राहतोय, काकू. वाळ्याचं पाणी विसरूनच गेलो." मग तो हसता हसता देवदत्तकडे वळला आणि त्याचं हसू विरलं. "पण सर... तुम्ही? तुम्हाला वाळा कळला नाही?"

"मला काहीच कळत नाही, रघुवीर," देवदत्त म्हणाला. "एकवीसच्या एप्रिलपासून. कॉफी नाही, फिनाइल नाही. काहीच नाही."

"मग गेल्या वर्षी आमचे सहा नमुने? तुम्ही तर पानभर लिहून पाठवलं होतं."

"अक्षर माझं. नाक हिचं." त्याने शालिनीकडे बोट दाखवलं.

प्रतापराव लाल झाले. "तीन वर्षं! तीन वर्षं तू आम्हाला उल्लू बनवलंस, देवा? सख्ख्या भावाला?"

"लाज वाटत होती, दादा."

"आणि तू, शालिनी? तू पण यात सामील?"

उत्तर पद्मजावहिनींनी दिलं. वाळ्याच्या पाण्याचा डाग त्यांच्या पदरावर पडला होता, आणि त्यांना तो कुणावर तरी झटकायचाच होता. तो त्यांनी बरोबर जागी झटकला.

"खामोखा ओरडू नका! सामील काय सामील? नवऱ्याची अब्रू झाकली तिने. तुम्हाला दोन वर्षं डाव्या कानाने ऐकू येत नाही, ते मी कुणाला सांगितलंय का?"

प्रतापरावांचा हात डाव्या कानाकडे गेला. खिडकीपाशी श्रेया, डोळे पुसत, फिसकन हसली.

रघुवीर मात्र हसत नव्हता. तो शालिनीकडे निरखून पाहत होता. "काकू, बसता का इथे?" त्याने देवदत्तच्या शेजारची खुर्ची ओढली. "श्रेया, बंद बाटलीतलं पाणी आहे का कुठे? माझ्या गाडीत असेल, बघ. आणि चार स्वच्छ ग्लास."

पाणी आलं, आणि श्रेयाने आतून आणखी एक बाटली आणून रघुवीरच्या हातात दिली. रघुवीरने सगळ्यांकडे पाठ केली, ग्लास भरले, खाली चिठ्ठ्या चिकटवल्या आणि शालिनीपुढे मांडले. एक त्याने आपल्या बॅगेतल्या बाटलीतून भरला होता.

"सांगा."

शालिनीने पदर खोचला. पहिला ग्लास उचलला, नाकाशी दोन श्वास ठेवला.

"ही तुमची. घरची नाही. हिच्यात मका नाहीच. सातूच्या पिठासारखा वास आहे, आणि चुलीतली विझलेली राख."

रघुवीरने भुवया उंचावल्या. दुसरा ग्लास.

"ही मक्याची, पण पोर्टमध्ये गेलेली नाही. ओल्या खोबऱ्याची वडी, वेलची न घातलेली. आणि रात्री सराफ्यातल्या गाड्यांवर भुट्ट्याचा कीस खरपूस होतो ना, कढईच्या तळाला चिकटतो तेव्हाचा."

"हा साधा नमुना मी गुपचूप ठेवलेला होता," श्रेया पुटपुटली. "पोर्टमध्ये ओतायच्या आधी काढलेला."

तिसऱ्या ग्लासाला शालिनीने वेळ लावला. "ही पोर्टची. जांभूळ, पण झाडावर सुकून गेलेलं. मागून काकवी. तिच्याही मागून चामड्याची नवी चप्पल. दोष काही नाही. चांगली आहे." मग चौथा. तिने तो हुंगला, खाली ठेवला, परत उचलला. "ही दुसऱ्या पिंपातली. हिच्यात काकवी जास्त झालीये, जरा चिकट. हिला महिनाभर आधी काढायला हवं होतं, श्रेया."

श्रेयाचा चेहरा पडला, मग उजळला. "काकू, ते पिंप पत्र्याच्या भिंतीकडे होतं. उन्हाच्या बाजूला. मला एप्रिलमध्येच काढायचं होतं, पण पप्पांनी निकाल लागेपर्यंत हात लावू नको म्हटलं होतं."

रघुवीरने चारही ग्लास उचलून खालच्या चिठ्ठ्या दाखवल्या. चारही बरोबर. मग त्याने तिसरा आणि चौथा ग्लास स्वतः हुंगला, पुन्हा पुन्हा, आणि शेवटी खुर्चीला टेकला.

"सर, काकू म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे. पहिलं पिंप अस्सल आहे."

"आता जिभेवर घे, शालू," देवदत्त म्हणाला. "पाणी न घालता. एकसष्ट. नाकाला कळलं ते खरं की नाही, ते जीभच सांगते."

"या घरात?" शालिनीने प्रतापरावांकडे पाहिलं.

प्रतापरावांनी खुर्ची टेबलाशी ओढली. मग उजवा कान पुढे करून म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? आजोबा पकडलेल्या भट्टीची धार जिभेवर घेऊन मगच पंचनाम्यात लिहायचे. आमच्या वडिलांनी सांगितलंय मला. चोरीचा माल ते घ्यायचे, तर घरचा तू का नाही घ्यायचास?"

शालिनीने पहिल्या बाटलीतून चमचाभर ओतून घेतली आणि तोंडात धरली. आधी नुसता विस्तव. डोळ्यांत पाणी आलं, कानशिलं तापली. तिला वाटलं, आता थुंकावं लागणार. पण ती थांबली, आणि विस्तव हळूहळू बसला. मग जिभेच्या कडांनी जांभूळ आलं, दाट, आंबटगोड. मग गूळ. मग टाळूला लवंग टोचून गेली. गिळल्यावर छातीतून एक ऊब खाली उतरत गेली, आणि ती पोटात पोचली तरी तोंडात फळ होतंच. तिने मनात मोजलं. साठपर्यंत मोजून झालं तरी ते संपलं नव्हतं.

"काय गं?" पद्मजावहिनींनी विचारलं. त्या केव्हाच टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"वहिनी," शालिनी म्हणाली, आणि तिला हसू आवरेना, "हिच्यात दुसरं काही मिसळणं म्हणजे पुरणपोळी चुरून भेळेत घालणं."

रघुवीर मोठ्याने हसला. त्याने प्रतापरावांच्या पुढ्यातला कागद आपल्याकडे ओढला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. "दुसरं पिंप मी घेतो, श्रेया तयार असेल तर. ते माझ्या मालात मिसळलं तर सोनं होईल. पहिल्याला मी हात लावला तर सर मला परत दिवसभर बाहेर उभं करतील."

"घ्या दुसरं," श्रेया म्हणाली. तिने शालिनीला मागून मिठी मारली होती आणि ती सोडत नव्हती. "पहिलं माझं."

"तुझं," प्रतापराव म्हणाले. पेनचं टोपण त्यांनी परत लावलं. "पण नाव मी ठेवणार. 'दारोगा'. लेबलावर पगडी पाहिजे, मिशीसकट."

पद्मजावहिनींनी एक बोट ग्लासात बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "जळलं मेलं ते," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी परत बोट बुडवलेलं शालिनीने पाहिलं.

पहिल्या पिंपातून दोनशे एकोणीस बाटल्या निघाल्या. त्या दिवाळीच्या आधीच संपल्या. श्रेयाने पुढच्या वर्षी अकरा पिंपं भरली, पत्र्याच्या भिंतीपासून लांब. लग्नाचं विचारणं पद्मजावहिनींनी सोडलं नाही, पण गोडाउन दाखवायला त्या भिशीच्या बायकांना घेऊन जाऊ लागल्या, आणि एकसष्ट टक्के म्हणजे काय ते श्रेयापेक्षा खुलवून सांगू लागल्या. प्रतापराव पंचवीस सालच्या डिसेंबरात गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. शेवटच्या आठवड्यात त्यांनी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला लेबलावरची मिशी दाखवली होती. रघुवीरने दुसरं पिंप वापरून केलेल्या मालाची पहिली पेटी इंदूरला पाठवली, आणि त्यानंतर वर्षभरात बड्या कंपनीची नोकरी सोडून लहान कारखान्यांना सल्ला द्यायला लागला.

देवदत्तचं नाक परत आलं नाही. डॉक्टरांनी आशा दाखवली, मग दाखवायचं सोडलं. पण त्या रविवारनंतर तो रात्री नीट झोपू लागला. सांवेर रोडवर आठवड्यातून तीन दिवस जाऊन तो नव्या मुलांना शिकवतो. पहिल्याच दिवशी त्यांना सांगून टाकतो की मला वास येत नाही, तुम्ही सांगायचं आणि मी प्रश्न विचारायचे.

शालिनीला सदुसष्टाव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं नेमणूकपत्र मिळालं. सव्वीसच्या मार्चमध्ये ती श्रेयाबरोबर पिंपं निवडायला पोर्तुगालला गेली. नदीकाठच्या एका थंड, दगडी तळघरात म्हाताऱ्या मालकाने आपला उत्तम माल म्हणून चौदा पिंपं उघडून दाखवली. नऊवारीवर स्वेटर घातलेली ही बाई प्रत्येक पिंपाच्या तोंडाशी वाकली, दोन-दोन श्वास थांबली आणि मान हलवत पुढे गेली. अकरा तिने नाकारली. बाराव्याशी ती इतका वेळ वाकून राहिली की मालकाने कंदील खाली ठेवला आणि टोपी काढून हातात धरली. मग ती सरळ झाली, पिंपावर तळहाताने एक थाप मारली आणि म्हणाली, "हे आपलं, श्रेया. खडूने खूण कर."